थंड चाकाला विचारायचं

मे महिन्यात आमच्या चोपड्याला
सकाळ साडेपाचला येते आणि सातच्या आत संपते.
तेवढ्यातच चाकाला विचारायचं, किती उरलीय.
नंतर रस्ता तापतो,
आणि तापलेलं चाक फुगवून सांगतं,
सोयऱ्यांपुढे पगार सांगावा तसं.

पंप घेतला जळगावला,
झोपेंच्या दुकानात, पंख्याखालची जागा धरून.
त्यांनी आधी रंगीत दिव्यांचा दाखवला,
मग बॅटरीवाला, मोबाइलपेक्षा जरासा जाड.
मी म्हटलं, वायर किती लांब?
झोपे चष्म्यावरून बघत राहिले.
पण बोरसे सरांचा पंप
मागच्या चाकाच्या वीतभर अलीकडे थांबलेला
मी अडावद फाट्यावर, भर दुपारी, पाहिलाय.
वीतभर म्हणजे किती, ते तिथे कळतं.

बॅटरीवाला नको म्हटलं.
आमच्या उन्हात, बंद गाडीत, बॅटरी ठेवणं म्हणजे
भरताचं वांगं निखाऱ्यावर ठेवून शाळेत जाणं.
गाडीच्या सॉकेटवरचाच घेतला, साडेतीन मीटर वायरचा.
तोंड खटक्याचं.
पेचाचं काढताना फेरे लागतात,
आणि प्रत्येक फेऱ्याला फुस्स करून
दिलेल्यातलं थोडं ते परत मागून घेतं.
तशी माणसं आहेत आमच्यात, पंप कशाला?

किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराआड लिहिलंय:
तेहतीस.
सात वर्षं तेच दार उघडून बसत होते,
कधी वाचलं नव्हतं.
इंजिन चालू ठेवायचं, हँडब्रेक ओढायचा,
व्हॉल्व्हची टोपी ओठांत धरायची,
मातीत ठेवली की ती मातीची होते.

पहिल्या दिवशी बटण दाबलं.
घर्रर्र.
ओट्यावरून आप्पांचा आवाज आला,
"मनं मशीन बाहेर काब्रं लई गयी व?"

तोच आवाज होता. खरंच तोच.
त्यांच्या उशाशी स्टुलावर असतं ते,
सकाळ-संध्याकाळ वाफ देणारं.
एकतीस वर्षं जिनिंगमध्ये काढली,
काट्याजवळ उभं राहून वजन पुकारायचे,
पार फाटकाबाहेरच्या गाड्यांना ऐकू जायचं.
सरकी मिलने नेली, रुई गाठींत गेली,
जी कुठेच गेली नाही ती छातीत बसली.

आता रविवारी खुर्ची बाहेर टाकतात.
पंप त्यांच्या पायाशी, आकडा त्यांच्याकडे तोंड करून.
मी चाकाशी उकिडवी.
"सव्वीस," ते पुकारतात.
"सत्तावीस."
शेजारचा हर्षल सायकल घेऊन उभाच असतो,
"मनी सायकलमा बी भरी दे ना व, ताई."
"थांब रे. अठ्ठावीस."

आकडा लावून दिला की हा पंप आपोआप थांबतो,
झोपेंनी तीनदा सांगितलं होतं.
मी चाळीसवर लावून ठेवते
आणि बोट बटणावर.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

दोन चाकं झाली की पंप हाताला चटका देतो.
मग त्याला दहा मिनिटं सावली, आम्हाला चहा.
मागचं डावं दर आठवड्याला दोनने उतरतं,
खिळा असणार बारीक. दाखवायला हवं.
दाखवू पुढच्या रविवारी, असं मी चारदा म्हटलंय.

"एकोणतीस. तीस."
मग खोकला येतो.
पंप थांबत नाही, त्याला काय.
एकतीस राहून जातो.
हर्षल माझ्याकडे बघतो, मी चाकाकडे.
"बत्तीस," आप्पा म्हणतात, डोळे पुसत,
जुन्या आवाजात, फाटकापर्यंत जाईल असा.
"बस कर आते."

मी बटण दाबते.
ओठांतली टोपी काढून बसवते.